सकाळी आठनंतर

गेटला कुलूप होतं याहीपेक्षा ते गेट आपल्या नवऱ्याने बनवलंय, हे तिला जास्त झोंबलं.

लाँड्रीतल्या बायका तिला ‘वाफ’ म्हणायच्या. मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या यंत्रावर होती. दिवसभर वाफेत उभी, आणि स्वभावही तसाच. झाकण जरा सरकलं की फुस्स. हे नाव ठेवलं होतं तिच्या नणंदेने. नणंद त्याच लाँड्रीत वॉर्डांमधून आलेल्या चादरी निवडायची. रक्ताच्या एकीकडे, औषधांच्या डागांच्या दुसरीकडे, फाटलेल्या तिसरीकडे. नवरा गेल्यापासून ती धाकट्या भावाकडेच राहत होती. हा भाऊ वेल्डर, म्हणजे वाफेचा नवरा. वाफ तिला ‘वन्सं’ म्हणायची, म्हणून हळूहळू सगळी लाँड्रीच तिला वन्सं म्हणायला लागली. तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा.

वस्तीतून इस्पितळाकडे जायच्या वाटा दोन. एक हमरस्ता. त्यावरून ट्रक जायचे, आणि पायी चालणाऱ्याने कुठून चालायचं याचा विचार तो रस्ता बांधताना कोणाच्या डोक्यात आला नव्हता. दुसरी वाट म्हणजे जुनी रेल्वेलाइन. गिरणी चालू होती तोवर तिच्यावरून मालगाडी जायची. गिरणी बंद पडली, गाडी थांबली आणि लाइनला कोणी वाली राहिला नाही. रुळांच्या मधून गवत आलं, मग झुडपं, मग चांगली झाडंच. ही लाइन सरळ इस्पितळाच्या मागच्या भिंतीला, लाँड्रीच्या दाराशी जाऊन टेकते, हे बायकांनीच शोधून काढलं. चालून चालून त्यांनी तिथे पायवाट पाडली. भटकी कुत्री हाकलली. छोट्या पुलाखाली बसणाऱ्या दारुड्यांना वन्संनी असल्या शिव्या घातल्या, की ते पुन्हा तिथे बसले नाहीत. जिथे खडी खचली होती तिथे बायकांनी फुटक्या फरश्या आणून टाकल्या. पाळी सकाळी सहाची असायची. घरातून अंधारातच निघायचं, रुळांच्या मधोमध एकीमागे एक चालायचं आणि सासू, नवरा, सुपरवायझर यांच्यापैकी कोणाचं तरी सोलून काढायचं. दिवसभरात मनमोकळं बोलायला मिळायचं ते तेवढंच.

मग नगरपालिकेने ठरवलं, की इथे ‘निसर्गवाट’ करायची.

सुरुवातीला सगळ्याच खूश झाल्या. रूळ निघाले, चपला फाडणारी खडी गेली, लालसर मातीचा मऊ रस्ता झाला. बाकं आली. झाडांवर नावांच्या पाट्या लागल्या. “माझ्या दाराला पाटी नाही, आणि झाडांना आहे,” वन्सं म्हणाल्या, पण हसत म्हणाल्या. वर वाटेच्या तोंडाशी लावायच्या गेटचं काम वेल्डरला मिळालं. त्याला असं काम कधी मिळालंच नव्हतं. एरवी खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, कोणाची तरी मोडकी सायकल. त्याने ओट्यावर कागद पसरले, पत्र्यातून कापायची पानं काढली, पक्षी काढले.

“हा पक्षी आहे का कोंबडी?” वन्संनी विचारलं. “अंडं घालायला बसल्यासारखा दिसतोय.”

त्याने तो पक्षी खोडून पुन्हा काढला. वाफेने फक्त एवढंच विचारलं होतं, “गेट उघडं राहणार ना?”

“कुलपाची जागा ठेवायला सांगितलीय,” तो म्हणाला. “पण ती काय, सगळ्याच गेटांना ठेवतात.”

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बायका गेटपाशी आल्या, तर कुलूप. शेजारी नवीकोरी पाटी: सकाळी आठ ते संध्याकाळी सात. आत खुर्चीवर कानटोपी घातलेला रखवालदार बसला होता.

“अहो दादा, उघडा की,” वाफ म्हणाली. “कामाला जायचंय.”

“आठला उघडतं, ताई.”

“आठला आमच्या तीन खेपा धुऊन होतात. उघडा.”

“किल्ली माझ्याकडे नाही. साहेब लोक येतात तेव्हा आणतात.”

“मग तुम्ही आत कशाला बसलात? गेट पळून जाईल म्हणून?”

रखवालदाराने मान खाली घातली. बिचाऱ्याचा कामाचा पहिलाच दिवस होता. वाफेने गेटचे गज धरून गदागदा हलवले. पत्र्याची पानं खडखडली, पण गेट हललं नाही. काम पक्कं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हमरस्त्याने जाऊन सगळ्यांना उशीर झाला. सुपरवायझरने हजेरीवर लाल खूण केली. संध्याकाळी वेल्डर हातपाय धुऊन बसतो न बसतो, तोच तिने तोंड सोडलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“आठची वेळ.”

“मी गेट बनवलं. वेळ मी नाही ठरवली.”

“विचारायचं तरी! बायको रोज कुठून जाते हे माहीत नाही तुम्हाला? बहीण कुठून जाते? कोंबडीचा पक्षी करत बसलात, आणि आमची वाट बंद केलीत!”

“अगं, हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत. त्यांनाही कळू दे तुमची कलाकुसर.”

तो गप्प बसला. हा त्याचा जुनाच डाव. तो गप्प बसला की तिचा राग भिंतीवर डोकं आपटल्यासारखा तिच्याच अंगावर परत यायचा. वन्संनी दोघांच्या मध्ये चहाचे कप ठेवले आणि म्हणाल्या, “उद्या त्या मॅडमना जाऊन भेटू. माणूसच आहे ना ती? सांगितलं की कळेल.”

मॅडम म्हणजे निसर्गवाटेच्या प्रमुख. जुन्या स्टेशनातल्या तिकीटखिडकीच्या खोलीत त्यांनी माहिती केंद्र थाटलं होतं. पाळी सुटल्यावर वाफ एकटीच गेली. वन्संचे पाय दुखत होते. मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. एकदाही तोडून बोलल्या नाहीत. वाफेला वाटलं, झालं काम.

“तुमची अडचण मला कळते,” मॅडम म्हणाल्या. “पण पहाटेची वेळ पक्ष्यांची असते. ती वाट आता त्यांचं घर आहे. त्या वेळी माणसांची ये-जा असली की ते घरटी सोडून जातात.”

“आम्ही इतकी वर्षं जातोय. तेव्हा नाही गेले ते?”

“तेव्हा कोणी नोंद ठेवत नव्हतं ना.”

“आम्ही काय ढोल वाजवत जातो का, मॅडम? चपलांचा आवाज, आणि थोडं बोलणं.”

मॅडम हसल्या. खरोखरच प्रेमळ हसल्या. “तुम्ही आठनंतर नक्की या. मुलाबाळांना घेऊन या. ही वाट तुमच्यासारख्यांसाठीच तर आहे.”

तेवढ्यात वाफेचं लक्ष त्यांच्या मागच्या भिंतीवर गेलं. तिथे भलामोठा फोटो होता, चांगला खिडकीएवढा. धुकं, धुक्यात नाहीसे होत जाणारे रूळ आणि रुळांमधून एकीमागे एक चाललेल्या पाठमोऱ्या बायका. हातात डबे. त्यांतल्या एकीने डोक्यावरून शाल घेतली होती आणि तिचा डावा खांदा जरा खाली झुकलेला होता. असा खांदा सगळ्या गावात एकाच बाईचा होता. वाफ उठून फोटोजवळ गेली. खाली नाजूक अक्षरांत लिहिलं होतं: ‘रुळांवरची माणसं – एक संपलेला काळ’.

“सुंदर आहे ना?” मॅडम म्हणाल्या. “आम्हा सगळ्यांचा आवडता. जो येतो तो याच्यासमोर थांबतो.”

“ही शालवाली माझी नणंद आहे,” वाफ म्हणाली. “तिच्यामागे मी.”

“काय सांगता! अहो, किती छान! मग तर तुम्ही आमच्या खास पाहुण्या झालात.”

“संपलेला म्हणजे काय?”

“म्हणजे... गेलेले दिवस. ते वातावरण.”

“कुठे गेलेत? आम्ही आज सकाळी चाललो ना. ट्रकांच्या मधून.”

मॅडमनी एक अर्ज करायला सांगितला, समितीपुढे ठेवते म्हणाल्या. वाफ बाहेर आली. निसर्गवाटेवर लोक फिरत होते. कोणी धावत होतं, कोणी बाकावर बसून बाळाला बिस्कीट भरवत होतं. त्या कोणाचीच काही चूक नव्हती, आणि तिला त्या सगळ्यांचा राग आला. बाळाचासुद्धा. घरी येईपर्यंत तिचे दात आवळलेलेच होते.

अर्ज केला. समितीची बैठक पुढे ढकलली. बायका हमरस्त्याने जात राहिल्या.

बैठकीची तारीख पुन्हा पुढे गेली त्या आठवड्यात वन्संना टेम्पोची धडक बसली. धडकही म्हणता येणार नाही. पहाटेच्या अंधारात टेम्पो कडेला दाबला गेला, त्याचा आरसा वन्संच्या झुकलेल्या खांद्याला लागला आणि त्या रस्त्याकडेच्या गटारात पडल्या. टेम्पो थांबला नाही. त्याला कळलं तरी असेल का, देव जाणे. वाफ पुढे चालत होती. मागे फक्त डबा वाजल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर वन्सं नव्हत्याच. खाली वाकल्यावर दिसल्या, चिखलात बसल्यासारख्या, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला.

“ओरडू नकोस गं,” वन्सं म्हणाल्या. “आधी माझा डबा बघ, सांडला का.”

मांडीचं हाड मोडलं होतं. ज्या इस्पितळाच्या चादरी त्या निवडायच्या त्याच इस्पितळात त्यांना दाखल केलं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा अंगाखालच्या चादरीचा कोपरा उचलून बघितला. “ही फाटलेल्यांत टाकायला हवी होती,” त्या म्हणाल्या. “मी नाही तर कोणी निवडतंय की नाही?” वाफेला हसू आलं नाही.

वेल्डर कामावरून तसाच आला, हातमोजे खिशात कोंबलेले. बहिणीच्या पायाशी उभा राहिला. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने ऐकलं: पाय आखूड राहील, उभ्याचं काम होणार नाही. मग तो बाहेर व्हरांड्यात गेला. वाफ त्याच्या मागोमाग गेली.

“कापा ते गेट.”

“अगं...”

“कापा. घरी गॅसकटर आहे. जा, आत्ता जा.”

“सरकारी मालमत्ता आहे ती. आत टाकतील मला.”

“टाकू देत. मी डबा आणीन. बहीण आहे ती तुमची! तिने तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलं, आणि तुम्ही तिला गटारात पाडलंत.”

“मी पाडलं?” त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. “मी पाडलं? टेम्पो मी चालवत होतो?”

“गेट तुम्ही लावलंत.”

तिचं बोलणं अन्यायाचं होतं. तिला ते माहीत होतं, आणि तरीही ती बोलली, कारण ज्यांना बोलायचं होतं ते तिथे नव्हते. वेल्डर जिना उतरून निघून गेला. त्या दिवशी घरी दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवली.

रविवारी वाफ माहिती केंद्रात गेली. सुट्टीचा दिवस, बरीच गर्दी होती. दोन-तीन कुटुंबं त्या फोटोसमोरच उभी होती आणि एक बाई नवऱ्याला सांगत होती, “काय साधं आयुष्य होतं ना!”

“जरा बाजूला व्हा,” वाफ म्हणाली.

तिने टेबलाजवळची खुर्ची ओढली, वर चढली, फोटो दोन्ही हातांनी उचलून खिळ्यावरून काढला. मदतनीस मुलगी घाबरून “अहो, अहो” करत राहिली. फोटो जड होता, काचेचा. वाफेने तो डोक्यावर घेतला, ओल्या चादरींचं गाठोडं घ्यायची तसा, आणि बाहेर पडली. लोक मागे आले. फोन वर झाले. निसर्गवाटेने ती सरळ गेटपर्यंत चालत गेली आणि फोटो गेटला टेकवून ठेवला. मग तिथेच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

मॅडम धावतच आल्या. पहिल्यांदाच चिडलेल्या दिसत होत्या. “हे काय चाललंय? तो फोटो संस्थेचा आहे!”

“आणि आतल्या बायका? त्या कोणाच्या?”

“तुम्ही अर्ज दिलाय ना? बैठक होणार आहे.”

“तुमचा संपलेला काळ वॉर्डात पडलाय, मॅडम, मांडीत सळई घालून. पहाटे हमरस्त्यावर पडली ती. पक्ष्यांची झोपमोड नको म्हणून!” तिचा आवाज फाटला. “लोक इथे येऊन म्हणतात, काय साधं आयुष्य होतं. होतं? आम्ही मेलो का? कोणी सांगितलं तुम्हाला आम्ही मेलो म्हणून? जा, बघून या तिला. चांगला फोटो मिळेल, या वेळी समोरून!”

फोन हळूहळू खाली झाले. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. “मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“माहीत करून घ्यायचं होतं कुठे?” वाफ म्हणाली आणि फोटो तिथेच टाकून निघून गेली.

मॅडम संध्याकाळी वॉर्डात आल्या खऱ्या. फळं आणली. वन्संच्या पलंगाशेजारी बराच वेळ बसल्या आणि माफी मागितली. वन्सं त्यांच्याशी चांगलं बोलल्या. म्हणाल्या, “फोटोत माझी पाठ चांगली आलीय असं ऐकलं.” मॅडम रडल्या. वाफ खिडकीशी उभी होती. मॅडम रडल्या याचाही तिला राग आला. आता यांचेही डोळे आपणच पुसायचे की काय?

पुढच्याच आठवड्यात निरोप आला. समितीने मान्य केलं होतं. लाँड्रीच्या बायकांना पास मिळणार होते, फोटो चिकटवलेले, गळ्यात घालायचे. पास दाखवला की रखवालदार गेट उघडणार. दर वर्षी नवा पास, आणि वाटेत मोठ्याने बोलायचं नाही अशी अट.

लाँड्रीत काही बायका म्हणाल्या, “घेऊ या ना. निदान ट्रकांपासून तरी सुटका.” त्यांचं चुकत नव्हतं. वाफ म्हणाली, “तुम्ही घ्या. मी घेणार नाही. जी वाट मी पाय झिजवून पाडली तिच्यावर मी गळ्यात पट्टा घालून चालायचं? आणि तोंड बंद ठेवून?” तोंड बंद ठेवायची अट ऐकल्यावर मात्र बाकीच्याही बिथरल्या.

घरी तिने हे नवऱ्याला सांगितलं नाही. वॉर्डाच्या व्हरांड्यातल्या भांडणापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. पण त्याच्या कानावर गेलंच. बहिणीला डबा द्यायला तो रोज जायचा. तिथे वन्संनीच सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाफ उठली, तर तो आधीच उठून बाहेर गेलेला. ती बायकांबरोबर निघाली. हमरस्त्याच्या वळणावर आल्यावर निसर्गवाटेच्या बाजूने कर्र कर्र आवाज येत होता. सगळ्या तिकडे वळल्या.

वेल्डर गेटपाशी गुडघ्यावर बसला होता. गॅसकटर आणला नव्हता. हातकरवतीने तो कडी कापत होता, हळूहळू, घाम पुसत. आत रखवालदार त्याच्यासाठी बॅटरी धरून उभा होता आणि दुसरीकडेच बघत होता. बायका बघत उभ्या राहिल्या. शेवटी कडी तुटली आणि कुलपासकट मातीत पडली. मग त्याने गेटच्या दोन्ही झडपा एकेक करून बिजागऱ्यांवरून उचलल्या. वाफ पुढे झाली, तिने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून त्या झडपा बाजूच्या गवतात आडव्या ठेवल्या.

“एवढ्या उशिरा सुचलं तुम्हाला?” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “जा, नाहीतर तुला उशीर होईल.”

तो घरी गेला नाही. मॅडम येईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिला आणि मी कापलं म्हणून सांगितलं. समितीतल्या एकाने पोलिसांत तक्रार दिली. वेल्डरला चौकीत बसवून ठेवलं, जबाब घेतला, संध्याकाळी सोडलं. नगरपालिकेचं काम त्याला पुन्हा कधी मिळालं नाही. इस्पितळाच्या नव्या इमारतीचे कठडे मिळायचे होते, तेही गेले. तो परत खिडक्यांच्या जाळ्यांवर आला. वाफेने त्याला व्हरांड्यातल्या बोलण्याबद्दल कधी “चुकलं माझं” म्हटलं नाही. पण चौकीत डबा घेऊन ती गेली होती, आणि तिथल्या हवालदाराशी असं भांडली, की त्याने दोघांनाही लवकर घालवलं.

गेट पुन्हा बसवायचं की नाही यावर समितीत वाद झाले म्हणे. मॅडम बायकांच्या बाजूने बोलल्या, असं रखवालदाराने सांगितलं. शेवटी तिथे नुसते दोन खांब राहिले, माणूस जाईल पण गाडी जाणार नाही असे. वेळेची पाटी कोणीतरी काढली.

वन्संचा पाय डॉक्टर म्हणाले तसाच आखूड राहिला. इस्पितळातल्या सुपरवायझरने सांगितलं, उभ्याचं काम आहे, जमणार नाही, दुसरीला घेतलंय. वाफ त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

“चादरी उभ्यानेच निवडायच्या असं कोणी ठरवलं?”

“पद्धतच आहे तशी.”

“पद्धत बदला. बसून डोळ्यांना कमी दिसतं का?”

तिने त्याला सलग कितीतरी दिवस असं छळलं. तो चहाला जायचा तर ही तिथे, तो जिन्यात तर ही जिन्यात. सगळ्या पाळीने एका दुपारी यंत्रं बंद ठेवली तेव्हा कुठे त्याने एक उंच स्टूल मागवलं.

पहिल्या दिवशी त्या दोघी बाकीच्यांच्या आधीच निघाल्या. वन्संच्या हातात काठी, वाफेच्या हातात दोघींचे डबे. अजून नीट उजाडलं नव्हतं. झाडांत पक्षी ओरडत होते, भरपूर. वन्सं दर थोड्या वेळाने थांबत होत्या. पुलाजवळ आल्यावर त्या एका बाकावर टेकल्या आणि पाय पसरून बसल्या. वाफेची घालमेल चालली होती.

“उठा ना, वन्सं. पहिल्याच दिवशी उशीर नको. तो टपूनच बसला असेल.”

“असू दे टपून.”

“तो लाल खूण करेल.”

“करू दे. खूण केली की तू आहेसच.” वन्संनी बाकावर शेजारी हात आपटला. “बस जरा. सारखी कशाला धुमसतेस?”

“मग काय करू?” वाफ म्हणाली. तिचा आवाज चढलाच. “तुमचा पाय काय परत येणार आहे?”

“नाही,” वन्सं म्हणाल्या. “मी कुठे म्हणाले विसर म्हणून? बसून धुमस, एवढंच म्हणतेय.”

वाफ धपकन बाकावर बसली. मागून धावत येणाऱ्या एका माणसाने दोघींना हसून हात केला. वन्संनी उलट हात केला. वाफेने केला नाही.